पंक्चर झाल्यावर चाक स्वतः बदलायचंय? आधी डिकीतली हत्यारं बघून घ्या

गाडी शिकताना क्लच, गिअर, रिव्हर्स, घाटात हाफ क्लचवर गाडी कशी धरायची, सगळं शिकवतात, पण चाक कसं बदलायचं ते मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. लायसन मिळालं, गाडी आली, आणि डिकीत खाली एक काळी पिशवी असते त्यात काय आहे ते मी दीड वर्ष उघडूनसुद्धा बघितलं नाही. माझं रोजचं सातारा-कराड आहे, एका बाजूनं पन्नास किलोमीटर धरा, आणि या रस्त्यावर काम चालू, डायव्हर्जन, खडी, बांधकामाच्या तारेचे तुकडे, खिळे, सगळं मुबलक. त्यामुळे पंक्चर हा काही मोठा अपघात वगैरे नाही, होणारच. फक्त तो रात्री झाला तर काय, एवढाच प्रश्न.

माझा झाला जानेवारीत, संध्याकाळी साडेसातला. काशीळ सोडलं आणि मागनं फडफड आवाज यायला लागला, उतरून बघते तर डावं मागचं चाक रिमवर बसलेलं. म्हटलं हरकत नाही, व्हिडिओ बघितलेत, करू. पिशवी काढली, जॅक सापडला, पाना सापडला, पाना नटाला लावला आणि दाबला तर नट ढिम्म. पाय दिला, तरी ढिम्म. मग चक्क उभी राहिले पान्यावर, एक हात गाडीच्या टपाला धरून, आणि पाना सटकला, नडगीला असा लागला की डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात कारखान्यावर ऊस टाकून रिकामा परत चाललेला एक ट्रॅक्टर थांबला, दोन ट्रॉल्या, मोठ्यानं गाणी लावलेली. ड्रायव्हर पोरगाच होता, विशीतला. बघितलं आणि म्हणाला, "ताई, जोर नका लावू, दांडा बारका हाय तुमचा." ट्रॉलीतनं हातभर लांब लोखंडी पाइप काढला, माझ्या पान्यात घुसवला आणि एका हातानं खाली दाबला. कर्रर्र करून नट सुटला. एका हातानं! दुसऱ्या हातात मोबाइल होता त्याच्या.

हा सगळा लेख त्या पाइपमुळे लिहितेय असं समजा.

आता तो नट का सुटला नाही ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं की निम्मी हत्यारं विकत घ्यायची गरजच संपते. छोट्या गाड्यांचे चाकाचे नट साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. म्हणजे सोप्या भाषेत, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. दांडा पाव मीटरचा असेल, आणि कंपनीच्या पिशवीतला पाना जेमतेम तेवढाच असतो, तर तोच जोर चाळीस किलोचा लागतो. इथपर्यंत ठीक आहे. पण टायरच्या दुकानात नट हातानं आवळत नाहीत, हवेच्या गननं टर्रर्र करून आवळतात, आणि त्यात नट दुप्पट घट्ट सहज बसतो. मग पाव मीटरच्या दांड्याला ऐंशी किलो लागणार. माझं वजन चोपन्न. मी त्या पान्यावर नाचले असते तरी नट हलला नसता! तोच दांडा पाऊण मीटरचा केला की सत्तावीस किलोत काम होतं, भरलेला गॅस सिलिंडर आपण घरात इकडून तिकडे तिरका करून नेतो त्याच्यापेक्षा कमी.

डिकीत काय असतं, काय घ्यायचं

आधी आजच, आत्ता, घरासमोर डिकी उघडा. सगळ्या गाड्यांत स्टेपनी एका जागी नसते. बहुतेक छोट्या गाड्यांत डिकीतल्या कार्पेटखाली असते. अर्टिगा, इनोव्हा असल्या गाड्यांत ती गाडीच्या पोटाखाली लटकवलेली असते आणि मागून पाना घालून फिरवत खाली सोडावी लागते, हे पहिल्यांदा अंधारात शोधायला गेलात तर रडाल. बोलेरोला मागच्या दाराला असते, तिचं काम सोपं. सीएनजी गाडीत टाकीनं जागा खाल्लेली असते, त्यामुळे जॅक आणि पाना कुठे सरकवलाय ते शोधून ठेवा. आणि काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. २०२० साली नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी सिस्टिम आणि पंक्चरचं किट दिलं असेल तर कंपनीनं स्टेपनी न दिली तरी चालतं. गाडी घेताना सेल्समन हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

स्टेपनी सापडली की तिच्यातली हवा बघा. हे मी तीनदा लिहिणार होते पण एकदाच लिहिते, हवा बघा. वापरात नसलेल्या टायरमधली हवापण हळूहळू कमी होते, दोन वर्षं कुणी बघितलंच नाही तर सगळी हत्यारं असून उपयोग शून्य. महिन्या दोन महिन्यांनी पेट्रोल पंपावर चार चाकांत हवा भरता तेव्हा पाचव्यात पण भरून घ्या, पोऱ्या कंटाळा करेल, डिकीतलं सामान काढावं लागेल, तरी भरून घ्या. बाकीच्यांपेक्षा दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्तच ठेवा, कमी करणं सोपं असतं. तुमची स्टेपनी जर बारीक, सायकलच्या थोरल्या भावासारखी दिसणारी असेल तर तिची हवा वेगळी असते, बहुतेक वेळा ६० पीएसआय, तिच्यावरच लिहिलेलं असतं.

आता हत्यारं.

पाना. पिशवीतला एल आकाराचा असतो. तो तुमच्या नटाला बसतो का ते लावून बघा. १७, १९ आणि २१ मिलिमीटर हे नेहमीचे साइज. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं नट बदललेले असू शकतात, आमच्या शेजारच्या अण्णांच्या गाडीला तीन नट एका साइजचे आणि एक वेगळाच निघाला. अलॉय चाकं असतील तर आणखी एक बघा, नटाभोवतीचं भोक अरुंद असतं, जाड पाना आत जातच नाही. आणि काही अलॉयना चोरी होऊ नये म्हणून एक लॉक नट असतो, त्याची वेगळी चावी असते, ती बारकी चावी नसेल तर चाक निघत नाही, विषय संपला. ती कुठं आहे ते आज शोधा.

पोपट पाना, म्हणजे तोंड कमी-जास्त करता येतं तो, मात्र चाकाच्या नटाला लावू नका. मोकळाढाकळा बसतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून ठेवतो आणि मग तो नट काढायला छिन्नी-हातोडी.

माझ्याकडे आता काय आहे सांगते. अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस पाना, चार टोकांना चार साइज, दोन्ही हातांनी धरता येतो म्हणून सटकत नाही, मी साडेतीनशेला घेतला. तो डिकीत जागा खातो हे खरं. जागा नसेल तर दुसरा मार्ग जास्त चांगला आहे, अर्धा इंची चौकोनी टोकाचा लांब दांडा आणि त्यावर बसणारी, नटावर टोपीसारखी चढणारी तुमच्या नटाच्या साइजची एकच खोल गोटी, सहा कोनी. बारा कोनी गोटी घेऊ नका, झिजलेल्या नटावर सरकते. सेहेचाळीस तुकड्यांचा चकचकीत गोटी सेट ऑनलाइन स्वस्तात दिसतो, तो घेण्याच्या भानगडीत पडू नका, त्यातल्या गोट्या बारक्या आणि दांडा वीतभर, चाकाच्या कामाला त्यातलं काहीच येत नाही.

आणि पाइप. कंपनीच्या पान्याच्या दांड्यावर बसेल एवढ्या जाडीचा, दोन ते अडीच फूट. प्लंबरकडे उरलेला तुकडा असतो, त्यानं मला फुकट दिला. पण पाना बरोबर घेऊन जा आणि तिथंच घालून बघा. लक्षात ठेवा, हा पाइप नट सोडायला आहे, आवळायला नाही. आवळताना पाइप लावला तर तुम्हीच गनवाल्यासारखं कराल, आटे जातील नाहीतर नट ज्यावर फिरतो तो स्टडच तुटेल.

जॅक. बहुतेक गाड्यांत सिझर जॅक असतो, मधला आटा फिरवला की कात्रीसारखा वर उठतो. लोक त्याला नावं ठेवतात, मला तो आवडतो, कमी जागेत मावतो आणि हळूहळू का होईना गाडी उचलतो. वर्षातनं एकदा त्याचा आटा पूर्ण उघडून थोडं ग्रीस लावा, आमच्याकडे पावसाळ्यानंतर गंजतो. त्याला फिरवायचा, टोकाला हूक असलेला दांडा असतो, तो पिशवीतून हरवण्यात पटाईत. जुन्या जीपवाल्यांसारखा बॉटल जॅक घ्यायचा मोह होतो, ताकद असते त्याला, पण तो छोट्या गाडीच्या पोटाखाली मावतच नाही कधी कधी, आणि त्याचं गोल डोकं गाडीच्या पत्र्याच्या कडेला नीट बसत नाही, पत्रा आत दाबतो. छोट्या गाडीला कंपनीचाच ठेवा. जॅकवर किती वजनाचा आहे ते लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या छोट्या गाडीचा जॅक मोठ्या गाडीला लावायचा शहाणपणा करू नका.

फळी. प्लायवूडचा फूटभर बाय फूटभर तुकडा, पाऊण इंच जाड. साईडपट्टीवर मुरूम असतो, पावसात जॅक त्यात लोण्यासारखा घुसतो. कास रोडला एका ऑगस्टमध्ये माझा भाऊ पंधरा मिनिटं जॅक फिरवत होता, गाडी तिथंच आणि जॅक जमिनीत, शेवटी आम्ही पायाखालची रबरी चटई घडी करून घातली. फळी असती तर दोन मिनिटांचं काम.

बाकी किरकोळ. डोक्याला लावायचा टॉर्च, कारण मोबाइल तोंडात धरून चाक बदलता येत नाही, मी प्रयत्न केलाय. सुती हातमोजे. गुडघे टेकायला सिमेंटचं रिकामं पोतं. चपटा स्क्रू ड्रायव्हर, चाकाची प्लास्टिकची टोपी काढायला. लाल त्रिकोण तर गाडीबरोबर असतोच, तो पॅकिंगमधनं काढून एकदा उघडून ठेवा.

आता प्रत्यक्ष

घरी करा पहिल्यांदा. रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये, सपाट जागेवर, चांगलं चाक काढा आणि तेच परत लावा. पहिल्या वेळी मला पन्नास मिनिटं लागली, सासूबाई गॅलरीतून बघत होत्या, "मेकॅनिकला बोलव की गं" म्हणून दोनदा सांगून झालं. तिसऱ्या वेळी वीस मिनिटं. घरी केल्याचा मोठा फायदा म्हणजे गननं आवळलेले नट तिथं सुटतात, आणि परत आवळताना तुम्ही हातानं आवळता, म्हणजे रस्त्यावर ते तुमच्या हातानं सुटणारच.

रस्त्यावर पंक्चर झालं तर पहिलं काम जागा शोधणं. ब्रेक जोरात दाबू नका, स्टेअरिंग घट्ट धरून वेग उतरू द्या. घाटात, वळणावर, उतारावर थांबून चाक बदलू नका, दहाच्या वेगानं शंभर-दोनशे मीटर गेलात तर टायर जाईल कदाचित, जाऊ दे. उजव्या बाजूचं चाक असेल तर जास्तच जपून, कारण तुम्ही बसणार ते वाहत्या रस्त्याला पाठ करून. महामार्गावर साईडपट्टी अरुंद आहे आणि चाक उजवं आहे, तर मी बदलत नाही, १०३३ ला फोन करते, ती राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे, आणि गाडीतून उतरून कठड्यापलीकडं जाऊन उभी राहते. यात लाज कसली.

जागा बरी असेल तर चारही इंडिकेटर चालू, सगळ्यांना खाली उतरवा, त्रिकोण मागं पन्नासएक पावलं तरी, महामार्गावर आणखी लांब. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, गिअर पहिला टाकून ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी. मग दगड. जे चाक बदलायचंय त्याच्या तिरक्या समोरचं चाक, डावं मागचं बदलायचं तर उजवं पुढचं, त्याला दोन्ही बाजूंनी दगड लावा. हे विसरू नका, मागचं चाक उचललं की हँडब्रेक अर्धाच राहतो, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो. आपल्याकडं रस्त्याच्या कडेला दगडांना तोटा नाही. ओढणी, गळ्यातलं, मोकळे केस, सगळं आत खोचून घ्या.

गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे. आधी जॅक लावला तर चाक गरागरा फिरेल आणि नट काही सुटणार नाही. पाना पूर्ण आत बसवा, टोकावर अडकलेला नको, माझा सटकला तो यामुळेच. आता एक गंमत सांगते, डावीकडे-उजवीकडे लक्षात ठेवायची गरज नाही. चाकासमोर उभं राहा, पान्याचा दांडा तुमच्या डाव्या हाताला आडवा येईल असा लावा आणि खाली दाबा, नट सुटतो. दांडा उजव्या हाताला ठेवून खाली दाबला तर आवळला जातो. दोन्ही वेळा खालीच दाबायचं, वर ओढायचं नाही, वर ओढताना कंबर जाते. आडव्यापेक्षा किंचित वर असलेला दांडा घ्या, म्हणजे दाबताना वजन नीट पडतं. पाइप घातलेला असेल तर हळूहळू वजन टाका, झटके नकोत. कर्रर्र आवाज आला की समजा सुटला. प्रत्येक नट अर्धा ते एक फेरा ढिला, बस्स, पूर्ण काढू नका.

मग स्टेपनी काढून जवळ आणा आणि गाडीच्या पत्र्याखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवून ठेवा. जॅक चुकून पडलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, तुमच्या हातावर नाही.

जॅकची जागा. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला हात फिरवा, पुढच्या चाकाच्या मागं आणि मागच्या चाकाच्या पुढं वीतभर अंतरावर, प्रत्येक जागी शेजारीशेजारी दोन खाचा हाताला लागतात. त्या दोन खाचांच्या मधे जॅकच्या डोक्यातली फट बसली पाहिजे. दुसरीकडे कुठं लावला तर पत्रा वाकतो. खाली फळी ठेवा, जॅक हातानं फिरवत खाचेला टेकवा, सरळ उभा आहे का एकदा लांबून बघा, मग दांडा घालून फिरवा. थोडा वर झाला की परत थांबून बघा, जॅक तिरका होतोय का. होत असेल तर खाली करून पुन्हा लावा, "होईल नीट" म्हणून पुढं जाऊ नका. पंक्चर चाक जमिनीवरून सुटलं की थांबायचं नसतं, अजून तीन-चार इंच वर न्या, कारण हवा भरलेली स्टेपनी बसक्या टायरपेक्षा उंच असते. सगळे इथं फसतात. गाडीखाली डोकं, हात, पाय काही घालायचं नाही, खाली पडलेला नट आणायलासुद्धा नाही, काठीनं ओढा.

नट काढून पोत्यावर किंवा चाकाच्या टोपीत ठेवा. काही युरोपियन बनावटीच्या गाड्यांना नट नसतात, बोल्टच बाहेर येतात, त्यांत चाक बसवताना भोकं जुळवायला लागतात, वरचं भोक आधी जुळवून एक बोल्ट हातानं घालायचा, बाकीचे मग आपोआप रांगेत येतात.

नट काढले तरी चाक निघत नाही असंही होतं, चाक ज्यावर बसतं त्या हबला गंजानं चिकटलेलं असतं. अशा वेळी गाडी जॅकवर असताना धसमुसळेपणा करू नका. दोन नट दोन-चार आट्यांवर परत लावा, आणि टायरला तळव्यानं डावीकडून-उजवीकडून आळीपाळीनं ठोका. नाहीच सुटलं तर सगळे नट हातानं टेकवून गाडी खाली घ्या आणि गाडीतच बसून अगदी फूटभर पुढं-मागं करा, टक् आवाज येऊन सुटतं. मग पुन्हा दगड लावून, जॅक लावून वर.

नवं चाक उचलणं हे मला आधी सगळ्यात अवघड वाटायचं. आता खाली बसते, दोन्ही पाय चाकाच्या दोन बाजूंना, पान्याचा दांडा टायरखाली आडवा सरकवून पायानं उचलते, चाक वर येतं आणि हातानं नुसतं ढकलायचं. परत तोच दांडा! नट लावताना त्याची निमुळती बाजू चाकाकडं. सगळे नट आधी बोटांनी फिरवा, आट्यात तिरका गेला तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही. मग पान्यानं टेकेपर्यंत आवळा, पण शेजारचा शेजारचा नाही, समोरासमोरचा. चार नट असतील तर एक, त्याच्या समोरचा, मग उरलेले दोन. पाच असतील तर चांदणी काढल्यासारखं. स्टडला तेल-ग्रीस काही लावू नका, त्यानं नट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

गाडी खाली घ्या, चाकावर वजन आलं की त्याच क्रमानं पक्कं आवळा. कंपनीचाच पाना, पाइप न लावता, हातानं वजन टाकून. पाव मीटरला चाळीस किलो, आठवतंय ना, म्हणजे माझ्यासारखीनं दोन्ही हात टेकून बऱ्यापैकी अंग टाकायचं. पान्यावर उड्या मारायच्या नाहीत. दोन फेऱ्यांत आवळा, पहिल्या फेरीत सैल वाटलेला नट दुसऱ्या फेरीत सापडतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून बघा. बारीक स्टेपनी असेल तर ८० च्या वर जायचं नाही, तिच्यावर स्टिकर असतो.

चाक न बदलता भागतं का

पुष्कळदा भागतं. आता बहुतेक गाड्यांना ट्यूबलेस टायर असतात, खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही. खिळा दिसला तर उपटू नका, तोच बूच आहे! बारा व्होल्टचा हवा भरायचा छोटा पंप मी गाडीत ठेवते, इंजिन चालू ठेवून सॉकेटला लावायचा, बऱ्यापैकी बसलेल्या टायरमध्ये पाच-सात मिनिटांत ३० पर्यंत नेतो, तेवढ्यावर पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. दोन्हीतलं एकच घ्यायचं असेल तर महागड्या जॅकऐवजी हा पंप घ्या असं मी सांगेन.

पंक्चर किटपण येतं, टी आकाराच्या दोन सुया, एक खरखरीत, एक नाकेवाली, आणि रबराच्या चिकट वाती. खिळा पक्कडीनं काढायचा, खरखरीत सुई भोकात आत-बाहेर चांगली घासायची, नाकेवालीत वात ओवून दोन तृतीयांश आत ढकलायची आणि झटक्यात सुई बाहेर. वरची शेपटी कापून टाकायची. ऐकायला सोपं, पण नव्या टायरमध्ये सुई घालायला दोन्ही हातांचं वजन लागतं. आणि हे फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागालाच करायचं. टायरच्या गालाला, म्हणजे बाजूच्या भागाला, चीर असेल तर वात-बीत काही नाही, चाक बदला.

बसक्या टायरवर गाडी बरीच चालली असेल तर पंक्चरवाल्याला टायर काढून आतनं दाखवायला सांगा. आत काळा भुगा दिसला तर समजायचं गाल आतून घासले गेलेत, पंक्चर काढून उपयोग नाही. मला उंब्रजच्या पंक्चरवाल्या मामांनी मूठभर भुगा हातात दिला होता त्या जानेवारीच्या टायरचा. बदलून नवा घ्यावा लागला.

पंक्चर काढलेलं चाक परत लावून घेताना तिथंच उभे राहा आणि गननं शेवटपर्यंत आवळू नका, हातानं आवळा असं सांगा. करतात, सांगितलं की करतात. घरी आलात की फळी, पोतं, टॉर्च परत जागेवर. पाइप डिकीत खडखडतो, त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की आवाज थांबतो.